मानमोडी : माणसांची आणि कोंबड्यांची

शीळफाट्यावरून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा आज उंच इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी त्यांच्या पाठीमागे दडलेल्या जुन्या गावठाणांतून परसातील खुराडे अद्याप नाहीसे झालेले नाही. अशा एखाद्या घरी, गेल्या वर्षी दिसणाऱ्या गावठी कोंबड्या यंदा का दिसत नाहीत, अशी चौकशी केली, तर पुष्कळदा दोनच शब्दांत उत्तर मिळते : "मानमोडी आली." कोंबडी मान वाकडी करते, पंख पाडून बसते, हिरवट विष्ठा टाकते आणि दोन दिवसांत मरते. शास्त्रीय भाषेत या रोगाला राणीखेत असे म्हणतात. एक मेली की चार मरतात, आणि मेलेल्या कोंबड्या नाल्यात किंवा खाडीच्या कडेला टाकल्या की त्या घरापुरता विषय संपतो.

हाच 'मानमोडी' शब्द आपल्या मागील पिढ्या एका निराळ्याच आपत्तीसाठी वापरीत असत. सन १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची जी साथ जगभर पसरली, तिला महाराष्ट्रातील खेडोपाडी मानमोडी हेच नाव पडले होते. जन्माचे किंवा लग्नाचे साल सांगताना "मानमोडीच्या वर्षी" असे म्हणणारी म्हातारी माणसे कालपरवापर्यंत आपल्यात होती. कोंबड्यांची राणीखेत आणि माणसांचा इन्फ्लुएंझा हे दोन अगदी वेगळे रोग आहेत. त्यांचे विषाणूही वेगळ्या कुळांतले आहेत. तथापि लोकभाषेने नकळत दोहोंना एकच नाव दिले, आणि त्या नावाच्या आड एक तिसरा रोग सहज लपून राहू शकतो, हे या लेखाचे निमित्त होय. तो तिसरा रोग म्हणजे बर्ड फ्ल्यू. माणसांच्या महासाथीचे विषाणू कोठून जन्मास येतात, या प्रश्नाचे उत्तर शोधीत गेल्यास आपण अखेर अशाच एखाद्या खुराड्यापाशी येऊन पोहोचतो.

मुंबई बंदरातील जून महिना

सन १९१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस, पहिले महायुद्ध चालू असताना, सैनिकांना घेऊन आलेले एक जहाज मुंबई बंदरास लागले. दिनांक १० जून रोजी मुंबईतील सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. त्यांतील एकाची नेमणूक गोदीवर होती. पाठोपाठ गोदीतील कामगार, कचेऱ्यांतील कारकून आणि गिरणी कामगार अंथरुणास खिळू लागले. मुंबई नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे मत असे की, रोग जहाजातून शहरात आला. उलट, जहाजावरील माणसांनाच हा ताप मुंबईत जडला, अशी सरकारची भूमिका होती. कोणत्याही साथीच्या उगमाविषयी प्रथम जो वाद होतो, तो बहुधा असाच असतो : तो शास्त्राविषयी कमी आणि दोष कोणाच्या माथी मारावयाचा याविषयी अधिक असतो.

जून-जुलैची पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या लाटेने मात्र हाहाकार उडविला. दिनांक ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. धान्य महाग झाले होते आणि अंगात त्राण नसलेल्या माणसांना रोगाने गाठले. ठाणे, कल्याण येथून फुटणाऱ्या लोहमार्गांनी, एका बाजूस कसाऱ्याचा घाट चढून नाशिक-खानदेशाकडे आणि दुसऱ्या बाजूस बोरघाट चढून पुण्याकडे, हा ताप प्रवाशांबरोबरच गेला. मुंबई इलाख्यातील बळींची संख्या दहा लाखांच्या आसपास होती. सर्व हिंदुस्थानातील बळींचे अंदाज सुमारे सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्याही पुढे जातात. सन १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. शिरगणतीच्या इतिहासात असे दशक दुसरे नाही.

एरवी फ्ल्यूने लहान मुले व वृद्ध दगावतात. मानमोडीत मात्र वीस ते चाळीस वर्षे वयाची धडधाकट माणसे मोठ्या प्रमाणावर गेली, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक गेल्या. घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे हात कोणाचे होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या गोष्टीचे फारसे नवल वाटत नाही.

या रोगास जगाने 'स्पॅनिश फ्ल्यू' म्हटले. वस्तुतः तो स्पेनमध्ये उद्भवला, असा कोणताही पुरावा नाही. युद्धात गुंतलेल्या राष्ट्रांनी वृत्तपत्रांवर निर्बंध घातले होते. स्पेन तटस्थ असल्याने तेथील वृत्तपत्रांनी साथीच्या बातम्या उघडपणे छापल्या, आणि खरे बोलणाऱ्याच्याच नावावर रोग जमा झाला. आपल्याकडे त्याच तापाला कित्येक ठिकाणी 'बॉम्बे फीवर' हे नाव मिळाले. बातमी देणाऱ्याच्या नावाने रोग ओळखला जावा, हा अन्याय तेव्हापासून आजतागायत चालू आहे आणि त्याची किंमत फार मोठी आहे.

आठ पट्ट्यांचा विषाणू

मानमोडीच्या काळी तिचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वर्षी अमेरिकेतील आयोवा प्रांतात माणसांबरोबर डुकरेही तशाच तापाने आजारी पडत आहेत, हे कोएन नावाच्या एका पशुवैद्यकीय निरीक्षकाने पाहिले आणि निर्भीडपणे सांगितले. डुकरांचा धंदा करणाऱ्यांना ते रुचले नाही. पुढे १९३१ मध्ये रिचर्ड शोप यांनी डुकरांतील फ्ल्यूचा विषाणू वेगळा केला, आणि १९३३ मध्ये लंडन येथे स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या तिघांनी माणसातील विषाणू शोधून काढला. म्हणजे माणसाच्या रोगाचा माग प्रथम जनावरात लागला.

इन्फ्लुएंझाच्या विषाणूचे अ, ब, क, ड असे प्रकार मानले जातात. महासाथी होतात त्या केवळ 'अ' प्रकाराने. मिलिमीटरचे दहा हजार भाग करावेत, त्यांपैकी एका भागाएवढा हा कण. त्याच्या आवरणावर दोन प्रकारची प्रथिने काट्यांसारखी उभी असतात. एकास 'एच' व दुसऱ्यास 'एन' म्हणतात. 'एच' हे पेशीचे दार उघडणाऱ्या किल्लीसारखे काम करते. 'एन' हे आत तयार झालेल्या नव्या विषाणूंना बाहेर पडण्यास मोकळीक देते. एच१एन१, एच५एन१ ही नावे यांवरूनच आली आहेत. रानटी पाणपक्ष्यांत, म्हणजे बदके, कुरव, सुरय अशा पक्ष्यांत, 'एच'चे सोळा व 'एन'चे नऊ प्रकार सापडतात. बदकाच्या आतड्यात हे विषाणू बहुधा त्याला फारसा त्रास न देता राहतात आणि विष्ठेवाटे पाण्यात उतरतात. पाणपक्षी हे या विषाणूंचे मूळ भांडार आहे, ही गोष्ट रॉबर्ट वेबस्टर व ग्रॅहम लेव्हर यांच्या संशोधनामुळे प्रामुख्याने पुढे आली.

या विषाणूची जनुके एका सलग धाग्यात नसून आठ निरनिराळ्या पट्ट्यांत विभागलेली असतात. दोन भिन्न विषाणू एकाच वेळी एकाच पेशीत शिरले, तर नवे विषाणू बांधले जाताना या पट्ट्यांची सरमिसळ होते. शीळफाट्यावर मुंब्र्याकडून, पनवेलकडून आणि कल्याणकडून आलेल्या मालमोटारी एकत्र येतात. तेथे माल उतरवून पुन्हा भरण्याची सोय असती, तर एका दिशेने आलेला माल दुसऱ्याच गाडीतून तिसऱ्या दिशेला गेला असता. पेशीमध्ये नेमके हेच घडते. पक्ष्याच्या विषाणूची किल्ली पक्ष्यांच्या आतड्यातील पेशींना बसते, माणसाच्या घशातील पेशींना सहसा बसत नाही. परंतु डुकराच्या श्वासनलिकेत दोन्ही प्रकारची कुलपे असतात. म्हणून पक्ष्यांचे व माणसांचे विषाणू एकत्र येण्याचे स्थान म्हणून शास्त्रज्ञ डुकराकडे संशयाने पाहतात.

किल्लीत लहानसहान बदल दरवर्षी होतच असतात. त्यांमुळे आपणास पुन्हा पुन्हा फ्ल्यू होतो. परंतु सरमिसळीतून जेव्हा अगदी नवी किल्ली माणसात येते, तेव्हा जगातील बहुतेकांच्या शरीराला तिची ओळख नसते, आणि साथीची महासाथ होते.

एकाच घराण्याचे वारस

सन १९५७ मध्ये दक्षिण चीनमध्ये उद्भवलेला एच२एन२ विषाणू असाच तयार झाला होता. त्याच्या आठ पट्ट्यांपैकी तीन पक्ष्यांच्या विषाणूकडून आल्या होत्या; उरलेल्या पाच माणसांत आधीपासून फिरणाऱ्या विषाणूच्या होत्या. मे १९५७ मध्ये सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून तो भारतात उतरला, आणि पुढील काही महिन्यांत देशात चाळीस लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. सन १९६८ च्या हाँगकाँग फ्ल्यूमध्ये दोन पट्ट्या पक्ष्यांच्या व सहा जुन्या होत्या.

सन १९७७ ची साथ मात्र विलक्षण होती. त्या वर्षी चीन व रशियात पसरलेला विषाणू १९५० च्या सुमारास फिरणाऱ्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता. निसर्गात पाव शतकाहून अधिक काळ बदल न होता राहणे या विषाणूला शक्य नाही. तो कोठल्या तरी प्रयोगशाळेतील किंवा लसीच्या चाचणीतील साठ्यातून बाहेर पडला असावा, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. उगम शोधताना माणसाचा हात वगळून चालत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आणि मानमोडीचा विषाणू? अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या वस्तीत १९१८ मध्ये ऐंशी माणसांपैकी बहात्तर माणसे अवघ्या काही दिवसांत मरण पावली व त्यांना कायम गोठलेल्या भूमीत पुरण्यात आले. योहान हुल्टिन या तरुण संशोधकाने १९५१ मध्ये तेथे उत्खनन करून विषाणू मिळविण्याचा यत्न केला, तो फसला. सेहेचाळीस वर्षांनी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ते पुन्हा त्याच दफनभूमीत गेले. त्यांनी आणलेल्या फुप्फुसाच्या तुकड्यांमधून जेफ्री टॉबेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूच्या आठही पट्ट्या वाचून काढल्या. हे काम २००५ मध्ये पूर्ण झाले. त्या विषाणूचे पक्ष्यांच्या विषाणूंशी निकटचे नाते दिसून आले. १९५७ व १९६८ च्या विषाणूंतील बहुतेक जुन्या पट्ट्या याच घराण्यातल्या होत्या. इतकेच नव्हे, तर २००९ च्या स्वाइन फ्ल्यूतील काही पट्ट्याही, १९१८ पासून डुकरांत राहिलेल्या शाखेकडून आल्या होत्या. एका अर्थी मानमोडी कधी गेलीच नाही.

२००९ चा तो एच१एन१ विषाणू मेक्सिकोतील डुकरांमध्ये, अमेरिका व युरोप-आशिया येथील डुकरांच्या विषाणूंच्या सरमिसळीतून घडला. दिनांक ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला. पुण्यातील शाळा बंद झाल्या, मुखपट्ट्या दुकानांतून नाहीशा झाल्या. येथेही जुनाच प्रकार घडला : मेक्सिकोच्या डुकराच्या मांसावर अनेक देशांनी बंदी घातली आणि इजिप्तने तर आपल्याकडील लाखो डुकरे मारून टाकली, जरी रोग मांस खाल्ल्याने पसरत नव्हता.

नवापूर ते वेहळोली

आतापर्यंत घडून गेलेल्या महासाथींविषयी लिहिले. आता, घडू नये म्हणून जिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते, त्या एच५एन१ विषयी. सन १९९७ मध्ये हाँगकाँग येथे या कोंबड्यांच्या विषाणूने अठरा माणसांना ग्रासले व त्यांपैकी सहाजण दगावले. वर्षाच्या अखेरीस तेथील शासनाने काही दिवसांतच सुमारे पंधरा लाख कोंबड्या मारल्या आणि तो उद्रेक थांबला. पुढे २००३ पासून मात्र हा विषाणू अनेक देशांत पसरला. तेव्हापासून जगात नऊशेहून अधिक माणसांना त्याची बाधा झाल्याची नोंद असून, त्यांतील जवळजवळ निम्मी मरण पावली आहेत. सुदैवाने तो माणसाकडून माणसाकडे सहजपणे पसरत नाही. त्याची किल्ली आपल्या घशातील कुलपाला अजून नीट बसत नाही. हा 'अजून' शब्द महत्त्वाचा आहे.

भारतातील पहिला उद्रेक आपल्याच राज्यात झाला. सन २००६ च्या आरंभी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कुक्कुटपालन केंद्रांत मरतुक सुरू झाली. व्यावसायिकांनी सुरुवातीस ती राणीखेत, म्हणजे मानमोडी, समजली. दिनांक १८ फेब्रुवारी रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालावरून एच५एन१ जाहीर झाला, तोवर हजारो पक्षी मेले होते. त्यानंतर लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील परसातील कोंबड्यांतही रोग आढळला. माणसांत मात्र त्या वेळी बाधा दिसून आली नाही. नवापूरच्या व्यावसायिकांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु राणीखेत व बर्ड फ्ल्यू यांची लक्षणे इतकी सारखी असतात की, निष्णात पशुवैद्यही केवळ पाहून निश्चित निदान करू शकत नाही. प्रयोगशाळेखेरीज त्याला उपाय नाही.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे आठशे कोंबड्या मेल्या, आणि त्याच सुमारास मुंबई व दापोली येथील कावळ्यांत, तसेच ठाण्यातील बगळ्यांत हा रोग सापडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आपल्या जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे निघाला. एका केंद्रातील शंभरेक पक्षी एकाएकी मेले. नमुने तपासणीस गेले. निदान होताच एक किलोमीटर परिसरातील सुमारे पंचवीस हजार पक्षी नष्ट करण्याचा निर्णय झाला. नवापूरला हजारो पक्षी मेल्यावर जे कळले, ते येथे शंभरांवर कळले. सोळा वर्षांत यंत्रणेत झालेली सुधारणा मोजावयाची असेल, तर ती या दोन आकड्यांवरून मोजावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विषाणू मात्र स्वस्थ बसलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या या रोगाने दगावले. त्याच वर्षी अमेरिकेत तो दुभत्या गाईंच्या कळपांत शिरल्याचे आढळले. पक्ष्यांचा म्हणविला जाणारा विषाणू सस्तन प्राण्यांत जितका अधिक वावरेल, तितकी नव्या किल्लीची शक्यता वाढते. भारतात एच५एन१ मुळे माणसाचा पहिला मृत्यू २०२१ मध्ये नोंदला गेला. तो हरियाणातील एका अकरा वर्षांच्या मुलाचा होता.

ग्रामपंचायतीच्या दारी

प्राण्यांमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ या कायद्यान्वये, अनुसूचित रोगाचा संशय आल्यास जनावराच्या मालकाने अथवा ते ज्याच्या ताब्यात असेल त्याने ग्राम अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविणे बंधनकारक आहे. तेथून ती वार्ता जवळच्या पशुवैद्यकाकडे लेखी जाते. बर्ड फ्ल्यू हा अनुसूचित रोग आहे. म्हणजे साखळीतील पहिला सरकारी कागद बहुधा सरपंचाच्या किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या टेबलावर तयार होतो. तो लिहिला गेला नाही, तर भोपाळची प्रयोगशाळा कितीही सुसज्ज असली तरी काय उपयोग?

तो लिहिला का जात नाही, याची कारणे उघड आहेत. गावाचे नाव वर्तमानपत्रात येईल, शेजारच्या केंद्राचे पक्षी मारले जातील, व्यापारी उचल बंद करतील आणि रोष सहन करावा लागेल तो बातमी देणाऱ्याला. ही भीती खोटी नव्हे. कोंबडीबाबत नुसती अफवा उठली तरी भाव कोसळतात. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोंबडीचा काहीही संबंध नसताना, करोनाच्या अफवेने कुक्कुटपालक देशोधडीस लागले. सबब पंचायत सदस्यांनी दोन गोष्टी पालकांना आधीच, साथ नसताना, समजावून दिल्या पाहिजेत. पहिली, शिजविलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. सत्तर अंश उष्णतेस तो नष्ट होतो. दुसरी अधिक मोलाची : शासन जे पक्षी नष्ट करते त्यांची भरपाई मिळते, रोगाने आपोआप मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. लपविण्यात घालविलेला प्रत्येक दिवस भरपाईस पात्र पक्षी कमी करीत असतो. हा हिशेब एकदा फळ्यावर मांडून दाखविला, तर उपदेशाची फारशी गरज उरत नाही.

मरतुक दिसली की उरलेले पक्षी घाईने विकून मोकळे व्हावे, हा मोह सर्वांत घातक. शीळफाट्यावर पहाटे उभे राहिल्यास जाळ्यांत दाटीने भरलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांचे टेम्पो जाताना दिसतात. यांनाच बाजारात सर्रास 'बॉयलर' म्हणतात. एक आजारी जाळी या चौकातून सकाळच्या प्रहरात तीन शहरांच्या बाजारांत पोहोचू शकते. मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नयेत, कापून पाहू नयेत, नाल्यात वा खाडीत टाकू नयेत. मुलांना त्यांपासून दूर ठेवावे. शिक्षकांनी याबाबत शाळेत सांगितल्यास ते घरोघर पोहोचते, कारण परसातील कोंबड्यांमागे धावणारी मुलेच असतात. मरतुक झालेल्या घरात कोणास ताप-खोकला आल्यास, कोंबड्या मेल्याची हकीगत डॉक्टरांना आवर्जून सांगावी. ती न विचारता सहसा कोणी सांगत नाही.

या परिसराची एक खास अडचणही नमूद केली पाहिजे. शीळफाट्याच्या आसपास ठाणे, नवी मुंबई व कल्याण-डोंबिवली या महानगरपालिकांच्या हद्दी जवळजवळ येतात आणि पलीकडे ग्रामपंचायती लागतात. रस्त्याच्या एका बाजूस मेलेला बगळा कोणाच्या हद्दीत पडला, यावर दूरध्वनी फिरत राहिले तर दिवस जातो. अशा ठिकाणी हद्दीचा विचार न करता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. पुढची वाटणी कार्यालयांनी आपसांत करावी.

खाडीतील पक्ष्यांविषयीही थोडे. ठाणे खाडी रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असून २०१५ मध्ये ती अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आली. बर्ड फ्ल्यूच्या बातम्या आल्या की, या पक्ष्यांना हुसकावून लावावे, अशी सूचना कोणीतरी करतोच. ती निरर्थक आहे. रानटी पक्षी हुसकावले तर विखुरतात आणि रोग असलाच तर तोही विखुरतो. बंदोबस्त करावयाचा तो आपल्या शेडचा : जाळी बंद ठेवणे, पाण्याची भांडी झाकणे, बाहेरची पादत्राणे आत न नेणे, कोंबड्या, बदके व डुकरे एकाच आवारात न ठेवणे.

वेहळोलीसारख्या गावातून संशयित पक्ष्यांचे नमुने निघतात तेव्हा ते बर्फाच्या पेटीत बंद करून प्रथम पुण्यास औंध येथील प्रयोगशाळेत आणि तेथून अंतिम निदानासाठी भोपाळला पाठविले जातात. शहापूरहून पुण्यास जाणारी गाडी कल्याणवरून आली, तर शीळफाट्यावरच पनवेलच्या रस्त्याला वळते. जाळ्यांचे टेम्पोही त्याच चौकातून जातात.